गाणं दुसऱ्याचं, गळा आपला

१ जानेवारीला कोरेगाव भीमाच्या जयस्तंभाजवळ भीमगीतं घुमतात. गळे अनेक, कवीचं नाव कितीजण घेतात?

१९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. बार्शीचे अमर शेख, मूळचे मेहबूब पटेल, अण्णाभाऊंची गाणी गावोगाव गात. दोघंही १९६९ साली गेले.

१९५७च्या कॉपीराइट कायद्याने कवीचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे अण्णाभाऊंचा २०२९अखेर, २००४ साली गेलेल्या वामनदादा कर्डकांचा २०६४अखेर संपेल. हौशी मंडळाने विनातिकीट गायलं तर सूट आहे. तेच गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करायचं, तर पहिल्या ध्वनिमुद्रणानंतर पाच वर्षं थांबायचं आणि मानधन आगाऊ भरायचं.

पैशाचं कायदा बघेल. पण गाण्याआधी कवीचं नाव घेणं ही आपल्याकडची अमानत आहे.