योबेल वर्ष आणि सरव्याचा हक्क

प्राचीन इस्राएलच्या धर्मशास्त्रानुसार जमिनीचा मिरासदार परमेश्वर. माणसे तिच्यावरची उपरी. म्हणूनच बायबलमधल्या 'लेवीय' ग्रंथाच्या 25 व्या अध्यायात शेत कायमचे विकायला मनाई आहे. नड आली तर वडिलोपार्जित वतन विकता येई, पण पन्नासाव्या, म्हणजे योबेल वर्षी ते मूळ घराण्याकडे परत जाई. किंमतही त्याच हिशेबाने ठरे: योबेलपर्यंत जितकी पिके हाती लागणार, तितका मोबदला. विक्री खरे तर पिकांचीच होती. मुदतीआधी जवळच्या नातलगाने पैसे भरून शेत सोडवावे, अशीही तरतूद होती. तटबंदीच्या शहरातले घर मात्र वर्षभरात सोडवले नाही तर कायमचे जाई. घर गेले तरी चालेल, पोटापाण्याचे साधन जाऊ नये, असा हा रोख दिसतो.

पीक उभे असतानाही ते सगळे मालकाचे नसे. शेताच्या कडा कापायच्या नाहीत, सरवा, म्हणजे कापणीत मागे पडलेली कणसे, वेचायचा नाही, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरायचे नाही. ते सारे गरीब, परदेशी, विधवा आणि अनाथ यांचे. बायबलच्या कथेतली परदेशी, मवाबी रूथ बेथलेहेमात बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात सरवा वेचते, ती याच प्रथेच्या आधाराने. इथे मालकाने ओंजळीने काही द्यायचे नव्हते. त्याने हात आवरायचा आणि गरजवंताने स्वतः राबून घ्यायचे. घेणाऱ्यालाही मर्यादा होती. वाटसरूने दुसऱ्याच्या मळ्यातली द्राक्षे पोटभर खावीत, पण भांड्यात भरू नयेत. कणसे हाताने खुडावीत, विळा लावू नये. कडा किती सोडायच्या, हे मूळ ग्रंथात नाही. इ.स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहाने किमान साठावा हिस्सा ठरवून दिला. निव्वळ मनाच्या मोठेपणावर कायदा फार काळ चालत नाही.

बलदंडांपुढे हा कायदा चालला असेही नाही. इस्राएलच्या अहाब राजाने नाबोथ नावाच्या माणसाचा मळा मागितला, त्याने वाडवडिलांचे वतन द्यायला नकार दिला, आणि खोट्या साक्षींवर नाबोथाला दगडांनी ठार मारण्यात आले, अशी बायबलमध्ये कथा आहे. योबेल प्रत्यक्षात पाळला गेल्याचा ठोस पुरावा मिळत नाही. दर सातव्या वर्षी शेत पडीक ठेवण्याची चाल मात्र टिकली. ज्युलियस सीझरने यहुद्यांना त्या वर्षीच्या करातून सूट दिल्याची नोंद इतिहासकार जोसेफसने केली आहे. पुढे 1888-89 मध्ये पॅलेस्टाइनमधल्या नव्या यहुदी वसाहतींना हे पडीक वर्ष परवडेना. तेव्हा काही रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मगुरूंनी, जमीन तेवढ्यापुरती बिगर-यहुदी माणसाला नावाला विकण्याची मुभा दिली. ही वाट इस्राएलमध्ये आजही वापरली जाते. अनेक कर्मठ यहुद्यांना ती मान्य नाही.