चिमूटभर मीठ, मूठभर गूळ

एखादें राष्ट्र सुधारलें असें आपण केव्हां म्हणावें? कारखान्यांचीं धुराडीं मोजून, कीं राजधानींतील इमारतींचे मजले मोजून? माझें आयुष्य शाळेंत गेल्यामुळें माझें मोजमाप थोडें निराळें आहे. ज्ञान शेवटच्या घरापर्यंत पोहोंचलें कीं नाहीं, आणि पोहोंचल्यावर तें तेथें टिकलें कीं नाहीं, एवढेंच मी पाहतों. या मापानें पाहतां आपल्या शेजारच्या बांगला देशाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. त्यांतील एक प्रकरण आज आपणांपुढें मांडतों.

१९७१ सालीं हा देश स्वतंत्र झाला तो अत्यंत दैन्यावस्थेंत. आदल्याच वर्षींच्या नोव्हेंबरांत चक्रीवादळानें तेथील किनाऱ्यावर तीन लाखांहून अधिक माणसांचा बळी घेतला होता. पाठोपाठ युद्ध झालें, सुमारें एक कोटि निर्वासित भारतांत आले, आणि १९७४ सालीं दुष्काळ पडला. वादळाची व दुष्काळाची वार्ता जगभर होते; पण तेथील लहान मुलांचा बाराही महिन्यांचा शत्रु होता अतिसार. त्यांत मूल दगावतें तें शरीरांतील पाणी व क्षार निघून गेल्यामुळें. असें असून जुलाब होणाऱ्या मुलाचें खाणेंपिणें तोडावें, अशीच समजूत पुष्कळ घरांत होती.

साखरेच्या साह्यानें मीठ आंतड्यांत शोषलें जातें व त्यामागोमाग पाणीही शोषलें जातें, हें शास्त्रज्ञांस १९६० नंतरच्या दशकांत कळून चुकलें. ढाका व कलकत्ता येथें त्याचे प्रयोग झाले. १९७१ सालीं सरहद्दीवरील बनगांव येथील निर्वासितांत पटकीची सांथ पसरली, तेव्हां शिरेंतून द्यावयाचें सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून तें रोग्यांस पाजविलें. शेंकडा तिसांच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण तेथें शेंकडा चारांच्याही खालीं आलें.

औषध सांपडलें, परंतु तें खेड्यांतील आईच्या हातीं जाणार कसें? येथून पुढची हकीकत शिक्षकांनीं मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. मूळचे हिशेबनीस असलेले फजले हसन आबेद यांनीं १९७२ सालीं सिल्हेटकडील सुल्ला भागांत पुनर्वसनासाठीं ‘ब्रॅक’ ही संस्था काढली होती. या संस्थेनें १९८० पासून दहा वर्षें तरुण स्त्रियांना घरोघर पाठविलें. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी, इतकाच धडा. मीठ अधिक झालें तर अपाय होतो, म्हणून घरांतल्याच भांड्यावर अर्ध्या शेराची खूण करून द्यावयाची आणि मिश्रण आईच्याच हातून करवून घ्यावयाचें. १९९० पर्यंत एक कोटि वीस लाखांच्या आसपास घरांत हा धडा पोहोंचला.

आणि या शिक्षिकांचें वेतन? त्यांनीं किती घरें शिकविलीं यावर तें ठरत नसे. कांहीं दिवसांनीं दुसराच तपासनीस येई, निवडक घरांतील आयांस प्रश्न विचारी आणि त्यांनीं केलेल्या मिश्रणाचा नमुना तपासावयास नेई. आईस जेवढें आठवे, तेवढा शिकविणारीस मोबदला! परीक्षा आईची, निकाल मात्र शिक्षिकेचा.

तरीही आरंभीं एक अडचण आली. आयांना धडा तोंडपाठ होता. पण मूल आजारी पडलें म्हणजे तें पाणी करणाऱ्या फारच थोड्या. शोध घेतां दोन गोष्टी उघड झाल्या. पहिली ही कीं, स्वतः शिकविणाऱ्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता! दुसरी, घरांतील पुरुषांस कोणी विचारलेंच नव्हतें. तेव्हां शिक्षिकांना त्यामागचें शास्त्र नीट समजावून देण्यांत आलें, आणि बाजारांत, शाळांत, मशिदींत पुरुषांच्याही सभा भरविण्यांत आल्या. त्यानंतर या पाण्याचा वापर वाढला.

या एकाच उपायानें सर्व कांहीं झालें असें नव्हे. लसी टोंचण्याचें कार्य वाढलें. १९९४ पासून खेड्यांतील मुलींस माध्यमिक शाळेसाठीं वेतन मिळूं लागलें. त्यासाठीं हजेरी व गुण राखावयाचे आणि लग्न लांबवावयाचें, अशा अटी होत्या. पांच वर्षांच्या आंतील बालमृत्यु १९९० सालीं हजारीं १४० हून अधिक होते, ते २०१५ सालीं चाळिसांच्या आंत आले. १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत निम्म्याहून अधिक लोक दारिद्र्यांत होते. २०२२ च्या सरकारी पाहणींत तें प्रमाण पांचांत एकाहूनही कमी भरलें.

दोषही सांगितले पाहिजेत. तळ्यांच्या दूषित पाण्यापासून सुटका व्हावी म्हणून लाखों कूपनलिका खणल्या गेल्या. पुढें १९९३ सालीं त्यांतल्या पाण्यांत सोमल आढळला, आणि तें संकट अद्याप सरलेलें नाहीं. मुली शाळेंत आल्या खऱ्या, तरी निम्म्याच्या आसपास मुलींचीं लग्नें अठराव्या वर्षापूर्वींच होत आलीं आहेत.

श्रोतेहो, मीं पुष्कळ वर्षें परीक्षा घेतल्या. तांबड्या शाईनें कित्येक मुलांस नापास केलें. परंतु त्या मुलास आठवत नाहीं याचा अर्थ मीं शिकविलेंच नाहीं, असें माझ्या मनांत कधीं आलें नाहीं. सुल्ल्याच्या चिखलांतून पायीं हिंडणाऱ्या त्या मुलींना मात्र हा नियम पहिल्याच दिवशीं पाळावा लागला. आतां निवृत्तींत मला वाटतें, माझ्या वर्गांतल्या शेवटच्या बांकावरील मुलांकडे कांहीं दिवसांनीं असा एखादा तपासनीस आला असता, तर माझें वेतन कितीसें भरलें असतें?