पडद्यापुढचे दोघे

इंग्लंडांतील ‘व्हरायटी’ हा करमणुकीचा प्रकार मद्यगृहांतून जन्मास आला. लंडनच्या लॅम्बेथ भागांत चार्ल्स मॉर्टन या गृहस्थानें आपल्या मद्यगृहास जोडून १८५२ सालीं ‘कँटरबरी हॉल’ उघडला. गिऱ्हाइकांनीं टेबलाशीं बसून खावें-प्यावें आणि समोरचें गाणें ऐकावें, अशी तेथील व्यवस्था. अशा जागांना ‘म्यूझिक हॉल’ म्हणूं लागले. पुढें टेबलें जाऊन खुर्च्यांच्या रांगा आल्या आणि १९१२ सालीं लंडनच्या पॅलेस थिएटरांत पंचम जॉर्ज बादशहांपुढें या मंडळींचा प्रयोग झाला. मेरी लॉइड या सर्वांच्या लाडक्या गायिकेस मात्र त्या रात्रीचें बोलावणें नव्हतें. तिच्या गाण्यांतील चावटपणा राजदरबारीं शोभेना. घराला प्रतिष्ठा आली कीं घरच्याच माणसाला माजघरांत बसवितात, त्यांतलाच हा प्रकार!

या खेळाची मांडणी ध्यानांत घेतल्याखेरीज त्यांतील जोडीच्या विनोदाचें मर्म कळणार नाहीं. रोज सायंकाळीं दोन खेळ होत. प्रत्येक खेळांत गवई, कसरतपटू, जादूगार, शिकविलेले कुत्रे अशी सरमिसळ असे. कसरतीचें सामान हलवून जादूगाराचें मांडावयास वेळ लागे, आणि तेवढा वेळ प्रेक्षक रिकामा बसला तर शिट्ट्या ठरलेल्या. म्हणून पुढचा रंगविलेला पडदा खालीं सोडीत आणि त्याच्यापुढच्या अरुंद पट्टींत दोन माणसांस उभें करीत. मागें सामानाची ओढाताण, पुढें यांचा संवाद. नेपथ्य नाहीं, दृश्यें नाहींत. फार तर एखादी विचित्र टोपी. दोघांतला एक नीटनेटका व शहाणा, प्रश्न करणारा. दुसरा वेंधळा, भलतेंच उत्तर देणारा. लोक हंसत ते दुसऱ्याला. पहिल्यास नटांच्या बोलींत ‘फीड’, म्हणजे घांस पुरविणारा, म्हणत. हंशा ओसरूं लागतो न लागतो तोंच पुढचा प्रश्न टाकणें हें त्याचें काम. लवकर टाकला तर तो हंशांत बुडे. उशीर झाला तर सभागृह थंड होई. तबलजी चुकला तर गवयानें गाऊन गाऊन किती गावें?

बड फ्लॅनगन आणि चेस्नी ॲलन ही जोडी या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. फ्लॅनगन हा लंडनच्या व्हाइटचॅपल वस्तींतला, पोलंडांतून आलेल्या ज्यू कुटुंबांतला. त्याच्या अंगांत भला मोठा जुनाट फरचा कोट आणि डोक्यावर चेंबलेली टोपी. ॲलन मात्र सदैव टापटिपीचा. रेल्वेच्या कमानींखालीं रात्र काढणाऱ्या बेघरांचें जें गाणें ते गात, त्याची ध्वनिमुद्रिका १९३२ सालीं निघाली. तेव्हां इंग्लंडांत लक्षावधि माणसें बेकार होतीं. फ्लॅनगन गाई, आणि ॲलन त्याच्या मागोमाग तेच शब्द जवळजवळ बोलल्यासारखे म्हणे. त्याचा आवाज गाण्याचा नव्हताच. परंतु त्या साध्या बोलण्यामुळेंच गाण्यांतील दैन्य खरें वाटे. दुसऱ्या महायुद्धानंतर प्रकृति बिघडल्यामुळें ॲलननें रंगभूमि सोडली. तरी १९६८ सालीं वारलेल्या फ्लॅनगनच्या मागें तो चौदा वर्षें जगला.

फिरतीच्या दिवसांत एकच दहा मिनिटांचा मजकूर वर्षानुवर्षें पुरे, कारण दर आठवड्यास गांव नवें आणि प्रेक्षक नवा. टेलिव्हिजननें तोच मजकूर एका रात्रींत साऱ्या देशाला दाखवून शिळा केला. प्रेक्षक घरीं बसला आणि १९५० नंतर नाट्यगृहें एकामागून एक ओस पडलीं. गंमत अशी कीं, लीड्सच्या ‘सिटी व्हरायटीज’ या जुन्या नाट्यगृहांतून प्रेक्षकांस आजोबा-आजींच्या काळचा पोशाख घालावयास लावून तोच जुना खेळ १९५३ पासून १९८३ पर्यंत दाखविला, तोही टेलिव्हिजननेंच. ज्यानें घर मोडलें, त्यानेंच श्राद्धही घातलें!

एरिक मोरकम आणि अर्नी वाइझ या जोडीनें मात्र या शत्रूशींच मैत्री केली. त्यांनीं जोडीनें पहिलें काम १९४१ सालीं लिव्हरपूलच्या एम्पायर नाट्यगृहांत केलें, तेव्हां दोघेही पोरसवदा होते. १९५४ मधील त्यांची टेलिव्हिजनवरील पहिली मालिका साफ पडली. तरीही पुढें १९७७ च्या नाताळांत त्यांचा खेळ दोन कोटींहून अधिक लोकांनीं पाहिला. तोंपर्यंत वाइझ हा नुसता प्रश्न विचारणारा राहिला नव्हता. आपण मोठे नाटककार आहोंत अशी ऐट मिरवणारा तो एक स्वतंत्र हास्यास्पद मनुष्य झाला होता, आणि त्यामुळें मोरकमला चिमटे काढावयास खरें माणूस मिळालें. १९८४ च्या मे महिन्यांत ट्यूक्सबरी येथील प्रयोग आटोपून रंगमंचाबाहेर येतांच मोरकम कोसळला व वारला. वाइझ त्यानंतर पंधरा वर्षें एकटा राहिला.

वाइझ वारला त्याच वर्षीं, १९९९ मध्यें, मोरकमच्या जन्मगांवीं समुद्रकांठीं त्याचा पुतळा उभा राहिला. त्यावरील पडदा राणीनें दूर केला. वाइझचा पुतळा २०१० सालीं यॉर्कशायरमधील मॉर्ली येथें झाला. दोघे शेजारीं शेजारीं असा पुतळा ब्लॅकपूल येथें उभारला गेला, तो २०१६ सालीं.