आमच्या वाढत्या वजनाचा इतिहास

सक्करदऱ्याच्या वस्तीत आम्ही महिलांसोबत काम करतो. शुगर, बीपी, गुडघेदुखी घेऊन दवाखान्यात गेलेल्या आयाबायांना एकच उत्तर मिळते, "तोंडाला आवर घाला." म्हणजे वजन वाढले की बाई खादाड आणि आळशी! या निदानावरच आमचा आक्षेप आहे.

आमच्या पूर्वजांची पोटे खपाटीला गेलेली होती. गावात त्यांच्या वाट्याला शिळे तुकडे आणि मेलेल्या ढोराचे मांस येई. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले, तेव्हा प्रश्न माणूसपणाचा होता. पिढ्यान् पिढ्या उपाशी झोपलेल्या घरात गुबगुबीत नातू हा अभिमानाचा विषय झाला, तर नवल कसले? 'खातेपिते घर' म्हणवून घेणे हा आम्हाला मान वाटला.

पुढे श्रम बदलले. 1877 साली सुरू झालेली नागपूरची एम्प्रेस मिल 2002 साली बंद पडली. मिलमध्ये दिवसभर उभे राहून राबणाऱ्या कामगाराचा नातू आज बारा तास वॉचमनच्या खुर्चीत किंवा ऑटोच्या सीटवर बसून असतो.

ताटही बदलले. विदर्भात ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्याचा हक्क दिला. त्याने उपासमार टळली, हे मान्यच. पण मिळतो मुख्यतः गहू-तांदूळ. डाळ त्या हक्कात नाही. 2015 पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली आणि गरिबाचे स्वस्त प्रथिन हिरावले गेले. उरले काय? भात, पोळी आणि पोरांच्या हातात पाच रुपयांची पुडी.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 24 टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले आणि 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय. वजन जास्त आणि रक्त कमी, अशा बाया आमच्याच गल्लीत आहेत. त्यांना खादाड कसे म्हणणार?

कोसलचा राजा पसेनदी भरपेट जेवून धापा टाकत बुद्धांकडे आला. बुद्धांनी त्याला प्रमाणात खाण्याचा उपदेश केला. राजाने हळूहळू जेवण कमी केले आणि तो सडपातळ झाला. पण राजाच्या ताटात काय असावे, हे राजाच ठरवत होता. आमच्या आईचे ताट रेशन दुकान आणि बाजारभाव ठरवतात.

म्हणून तरुणांनो, घरच्या बाईला टोमणे मारणे आधी थांबवा. रेशनवर ज्वारी आणि डाळ मागा. बायांना संध्याकाळी निर्धास्त फिरता येईल असे मैदान मागा. विहारातल्या रविवारच्या बैठकीत हा विषय घ्या. ताटाचा हक्क हाही समतेचाच हक्क आहे.

जयभीम!