फ्लॉपीतील मराठी : पाठचिकित्सेचे एक उपेक्षित प्रकरण

मराठीच्या पाठचिकित्सेत हस्तलिखित आणि मुद्रित प्रत या दोनच अवस्था आपण आजवर गृहीत धरीत आलो आहोत. साधारण १९९० ते २००५ या काळातील मजकुराला मात्र तिसरीही अवस्था आहे आणि ती यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या कपाटांत, बंद पडलेल्या डीटीपी केंद्रांच्या माळ्यांवर फ्लॉपीच्या रूपाने पडून आहे. वार्षिकांक, स्मरणिका, प्रबंध, कोलामी-बंजारा गीतांची देवनागरीत उतरवलेली संकलने. छापताना पृष्ठसंख्येसाठी पहिली कात्री लागते ती परिशिष्टांना. त्यामुळे गाणाऱ्या बायांच्या तोंडचे काही पाठ असलेच तर या चकत्यांवरच असणार.

ते वाचायचे कसे? साडेतीन इंची, १.४४ एमबीची फ्लॉपी असेल तर यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह अजून मिळतो. सव्वापाच इंचीसाठी मात्र जुना ड्राइव्हच शोधावा लागतो. भंगारवाल्यांशी ओळख ठेवणे हा संशोधनपद्धतीचा भाग ठरतो. सोनी कंपनीने २०११ साली जपानमधील फ्लॉपीविक्री थांबवली, तेव्हा नव्या मालाची आशा सोडलेली बरी. विदर्भाचा उन्हाळा आणि त्यामागोमाग येणारा पावसाळी दमटपणा यांनी चकतीवर बुरशी धरते. तशी चकती पुसल्यावाचून ड्राइव्हमध्ये घातली तर मजकूर खरवडला जातो आणि ड्राइव्हचे वाचकशीर्षही जाते.

पण हे सारे पार पडले तरी खरी अडचण पुढेच असते, आणि तिचे मूळ इतिहासात आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे जे काम कानपूरच्या आयआयटीत झाले, ते पुढे पुण्यात १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅककडे आले. 'जिस्ट' नावाचे कार्ड संगणकात बसवले की डॉसवरील साध्या प्रोग्रॅममध्येही मराठी लिहिता येई. हा मजकूर इस्की संकेतांत साठवला जाई. १९९१ साली ती भारतीय मानक झाली. तिच्यात वर्णाला संकेत होता, आकृतीला नव्हे. 'कि' लिहिताना आधी क, मग इकार. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीवरच बेतलेली आहे.

नंतर विंडोज आले आणि मराठी टंकलेखन फाँटांच्या हाती गेले. श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या पॅकेजांनी छपाई देखणी केली, यात शंका नाही. पण फाइलीत आता अक्षरांचे तुकडे साठू लागले. अर्धा म आणि काना मिळून म, इकार व्यंजनाच्या आधी, रफार अक्षरानंतर. सी-डॅकच्या 'सुरेख' फाँटातील 'महाराष्ट्र' हा शब्द आज फाँटविना उघडावा, तर स्वरचिन्हे लागलेल्या रोमन अक्षरांत मध्येच अर्ध्याचे अपूर्णांकचिन्ह दिसते. ते चिन्ह म्हणजे ह. परिणामी विलक्षण उलटापालट झाली आहे: डॉसच्या काळातील इस्की फाइल सरळ कोष्टकाने युनिकोडमध्ये येते, तर तिच्यानंतर दहा वर्षांनी केलेली फाइल तिचा फाँट कळल्याखेरीज मुकी राहते.

महानुभावांच्या सकळ लिपीची येथे आठवण होते. पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी तिची किल्ली बाहेरच्या अभ्यासकांना मिळाली, तेव्हा कुठे मराठीचे आद्य गद्य उजेडात आले. पण ती किल्ली महंतांच्या परंपरेने शतकानुशतके जपली होती. येथे जपणारे कोणी नाही. शिवाय बऱ्याच पॅकेजांना हार्डवेअर लॉक असे, प्रिंटरच्या पोर्टला लावायचा लहानसा ठोकळा. तो हरवला की मूळ फ्लॉप्या हाती असूनही पॅकेज चालत नाही. इंग्रजीतील जुन्या सॉफ्टवेअरचे नशीब वेगळे. इंटरनेट अर्काइव्हने २०१५ च्या आरंभी डॉसवरचे सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्ये खेळण्याजोगे करून ठेवले. खेळांना जे भाग्य लाभले ते आपल्या टंकसाधनांना अद्याप लाभायचे आहे.

प्रचलित फाँटांसाठी परिवर्तके आज उपलब्ध आहेत, हे खरे. ती रफारात आणि जोडाक्षरांत चुकतात. प्रमाण मराठीत अशी चूक वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते. कोलामी गीतात ती चूक आहे की बोलीचे रूप, हे छापील प्रतीखेरीज कसे ठरवावे? म्हणून आमच्या मते परिवर्तित पाठाबरोबर मूळ फाइल आणि संपूर्ण फ्लॉपीची प्रतिमा-फाइल जपलीच पाहिजे. फ्लॉपीवरची चिठ्ठीही फेकू नये. जुने डीटीपी चालक तिच्यावर बहुधा फाँटाचे नाव लिहीत, आणि ते चालक अजून दारव्हा, पुसद, वणीच्या बाजारपेठांत झेरॉक्सची दुकाने चालवताना भेटतात. त्यांतील काहींना कळफलक अजून तोंडपाठ आहे.