वैमानिकाची नोकरी आणि कराराचे कलम

वर्सोव्याहून दक्षिणेस थोड्या अंतरावर जुहूचा विमानतळ आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन तेथे उतरले, हे आपणांपैकी पुष्कळांना ठाऊक असेल. पण विमान चालविणाऱ्याची नोकरी कोणत्या कागदावर टिकते, हे कोणी सांगत नाही.

एवढा मोठा पगार, मग वैमानिकाला युनियन कशाला, असे आम्हीही एके काळी म्हणत असू. ती आमची चूक होती. वैमानिकाचे सारे ज्येष्ठतेच्या यादीवर चालते, आणि एका कंपनीतली ज्येष्ठता सहसा दुसरीत जमेस धरीत नाहीत.

१ ऑगस्ट १९५३ रोजी सरकारने खाजगी विमान कंपन्या ताब्यात घेऊन दोन महामंडळे चालू केली. त्या कायद्याच्या विसाव्या कलमात म्हटले होते की, १ जुलै १९५२ च्या आधीपासून नोकरीत असलेला माणूस त्याच पगारावर, त्याच शर्तींवर महामंडळाचा नोकर होईल. वाचून बरे वाटते. परंतु कलमाला शेपूट होते: महामंडळ त्या शर्ती रीतसर बदलीपर्यंत! करार वाचताना आम्ही आधी शेपूट पाहतो, ते अशासाठी.

अमेरिकेतल्या वैमानिकांनी निराळी वाट काढली. कंपनीच्या नावाने होणारी उड्डाणे आमच्याच यादीतल्या वैमानिकांनी करावयाची, असे त्यांनी करारात घालून घेतले. लहान विमानांपुरती सूट, तीही आसने मोजून. गिरणीचे काम बाहेरच्या मागांवर गेलेले ज्यांनी पाहिले, त्यांना याचे मोल समजेल.

एअर इंडिया २७ जानेवारी २०२२ रोजी टाटांकडे परत गेली, तेव्हा अट होती ती अशी: एक वर्ष कोणास काढावयाचे नाही, दुसऱ्या वर्षी काढल्यास स्वेच्छानिवृत्ती देऊ करावयाची. वीस-वीस वर्षांच्या नोकरीला एक वर्षाची हमी!

जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना काढली, तेव्हा पुढाकार घेणाऱ्यांना कंपनीने बडतर्फ केले. सप्टेंबर २००९ मध्ये शेकडोंनी आजारपणाची रजा टाकली आणि पाच दिवसांत सहकाऱ्यांना परत आणविले. पण १७ एप्रिल २०१९ च्या रात्री त्याच कंपनीचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईस निघाले. पगार आधीच थकले होते. ज्यांना इतर कंपन्यांनी घेतले, त्यांतल्या अनेकांनी कमी पगार पत्करला.