हेडफोन आणि प्रवर्धक: रत्नागिरीच्या अंतरावरून काही विचार

ध्वनिप्रसारणाचा इतिहास लिहिताना प्रक्षेपण-केंद्रे, त्यांचे चालक आणि कार्यक्रम यांचाच बहुधा विचार केला जातो. श्रोत्याच्या कानाशी असलेले साधन उपेक्षित राहते. वास्तविक कोणाला ऐकू येत होते आणि कोणाला नाही, हे पुष्कळ अंशी हेडफोन आणि त्याला चालविणारे मंडल यांच्या मेळावर अवलंबून होते. प्रस्तुत टिपणात हा मेळ रत्नागिरीच्या संदर्भात तपासावयाचा आहे.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती दीड किलोवॅट होती व परिणामकारक पल्ला सुमारे ३० मैल, म्हणजे ४८ किलोमीटर, धरला जाई. रत्नागिरी मुंबईपासून सरळ रेषेत सुमारे २२० किलोमीटर दूर आहे. या दोन आकड्यांतील अंतर हाच प्रस्तुत प्रश्नाचा गाभा होय.

त्या काळचा सर्वांत स्वस्त ग्राहक म्हणजे स्फटिक-संच. त्यास विद्युत्‌घट लागत नसे, प्रवर्धकही नसे. एरियलच्या तारेने गोळा केलेली लहरीची ऊर्जाच हेडफोनचा पडदा हालवी. प्रवाह अत्यल्प असल्याने चुंबकावर बारीक तारेचे हजारो वेढे द्यावे लागत. त्यामुळे प्रत्येक कानाचा रोध सामान्यतः २,००० ओहम व जोडीचा ४,००० ओहम होई. उगमाचा व भाराचा संरोध जुळला की अधिकाधिक शक्ती भाराकडे जाते, हे तत्त्व येथे काटकसरीचे तत्त्व होते. ऊर्जेचा कणही वाया घालविणे परवडण्यासारखे नव्हते.

गिरगावात राहणाऱ्या कोकणी चाकरमान्यास असा संच पुरेसा होता. त्याच्या रत्नागिरीकडील घरास तो निरुपयोगी होता. तेथे व्हॉल्व्हचा प्रवर्धक, त्यासाठी विद्युत्‌घट आणि ते वेळोवेळी भारित करण्याची सोय, एवढे सर्व हवे. रात्री वातावरणाच्या वरच्या थरांतून परावर्तित होणाऱ्या लहरी दूरवर पोहोचत, परंतु त्या पकडण्यासही प्रवर्धन आवश्यकच होते. हेडफोन मात्र तोच चाले, कारण व्हॉल्व्हच्या धनाग्र-मंडलासही उच्च रोधाचा भार मानवतो. फक्त जोडणीची धन बाजू पाळावी लागे. विद्युत्‌घटाचा प्रवाह उलट दिशेने गेल्यास हेडफोनमधील कायम चुंबक क्षीण होई. तात्पर्य, एकाच हेडफोनमागे दोन भिन्न आर्थिक परिस्थिती उभ्या असू शकतात.

पुढे ट्रान्झिस्टर आला आणि मेळाचे तत्त्वच पालटले. आता शक्ती मुबलक झाली, म्हणून संरोध समान ठेवण्याची गरज उरली नाही. उलट प्रवर्धकाचा निर्गम-संरोध हेडफोनच्या संरोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा व्यवहारातील दंडक आहे. हेडफोनचा संरोध कंप्रतेनुसार बदलतो. उगमाचा संरोध मोठा असल्यास त्या बदलाप्रमाणे स्वरांचे प्रमाणही बिघडते. एक मिलिवॅट शक्तीसाठी ३२ ओहमच्या हेडफोनला सुमारे ०.१८ व्होल्ट दाब पुरतो, तर ६०० ओहमच्या हेडफोनला सुमारे ०.७७ व्होल्ट लागतो. पहिला अधिक प्रवाह मागतो, दुसरा अधिक दाब. म्हणून लहान खिशातील यंत्रावर दुसरा क्षीण वाजतो, तो सदोष असतो म्हणून नव्हे.

या विवेचनाचा इतिहासाभ्यासकास उपयोग काय? १९२७ च्या अखेरीस सर्व भारतात ३,५९४ श्रवण-परवाने होते. परंतु परवान्यांच्या संख्येवरून संच स्फटिकाचा की व्हॉल्व्हचा हे कळत नाही आणि त्यावाचून श्रोत्याचे स्थान व ऐपत यांविषयी अनुमान काढता येत नाही. कोकणातील एखाद्या जुन्या घरात हेडफोन आढळल्यास केवळ तेवढ्यावरून तेथे मुंबई ऐकली जात होती असे म्हणणे धाडसाचे ठरेल. त्याचा रोध मोजावा, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो कशाला जोडलेला होता याचा शोध घ्यावा.

रत्नागिरीस आकाशवाणीचे स्वतंत्र केंद्र १९७७ मध्ये सुरू झाले. तोवरच्या अर्धशतकात येथील श्रवणाचा इतिहास हा मुख्यतः प्रवर्धकाचा इतिहास आहे. मुंबईच्या श्रोत्यास जे केवळ हेडफोनने लाभे, त्यासाठी या किनाऱ्यास अंतराची किंमत मोजावी लागत होती.